प्लेटमधलं औषध

दाक्षायणीला घरच्या कुणी कधी विचारलं नव्हतं की तू दिवसभर नक्की करतेस काय. लोक विचारायचे ते एवढंच की पोरगी कामाला कुठं आहे, आणि त्याचं उत्तर आप्पाच देऊन टाकायचे, "लॅबमध्ये." आप्पा म्हणजे तिचे वडील धोंडप्पा. मार्केट यार्डात त्यांचा बारदानाचा धंदा. लॅब म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर रक्त तपासायचं ठिकाण यायचं, आणि यार्डातल्या बाकीच्यांच्याही. एकदा त्यांच्या ओळखीचा एक अडत्या साखर तपासून घ्यायला सकाळी उपाशीपोटी तिच्या दारात येऊन बसला होता. तिनं त्याला चौकातल्या खऱ्या लॅबचा पत्ता दिला आणि आप्पांना काही बोलली नाही.

आई ती शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून आईची थोरली बहीण शरणम्मा हीच तिची आई. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी, त्यामुळं मावशीला ती कानडीतलं नाव लावायची, दोड्डव्वा. दोड्डव्वाचं घर सोलापुरातल्या बाळीवेशीत. घरातच ती शेंगांची चटणी कुटायची, कडक भाकरी करायची आणि आजूबाजूच्या दुकानांत द्यायची. दाक्षायणीची बारावी त्या घरात झाली, कुटलेल्या लसणाच्या वासात. ती पुढं पुण्याला शिकली, डॉक्टरेट केली, आणि सोलापूरला परत येऊन एका संशोधन केंद्रात लागली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद दोड्डव्वालाच झाला होता. काय काम मिळालं ते तिलाही कळलं नव्हतं. पोरगी गावात परत आली एवढं तिला पुरेसं होतं.

खरं तर ते काम सांगायला फार अवघड नव्हतं. शरीरातल्या पेशीत डीएनए असतो, पण तो सगळा एकदम वाचला जात नाही. कुठला भाग कधी चालू करायचा ते काही प्रथिनं ठरवतात. ती डीएनएवरच्या आपापल्या जागी जाऊन बसतात, तिथलं काम सुरू होतं. काम झालं की उठतात. कॅन्सरच्या पेशीत त्यातलं एखादं प्रथिन उठायचं नावच घेत नाही. मग पेशीला सारखा एकच हुकूम मिळत राहतो, जग, वाढ, मरू नको. दाक्षायणीचा गट त्या प्रथिनासाठी डीएनएचा एक लहानसा तुकडा कृत्रिमरीत्या बनवून घ्यायचा. प्रथिनाची बसायची जागा त्यावर हुबेहूब, पण पुढं-मागं काहीच नाही. असे पुष्कळ तुकडे पेशीत सोडले की प्रथिन त्यांनाच चिकटून बसतं, खऱ्या जागेपर्यंत पोचत नाही. हुकूम थांबतो आणि पेशी मरते.

प्लेटमध्ये मरते, प्रयोगशाळेत पेशी वाढवतात त्या बशीत. 'प्लेट' हा एक शब्द पुढं तिच्या आयुष्यात फार मोठा होणार होता.

पहिल्यांदा ते घडलं त्या दिवशी ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कितीतरी वेळ बसून राहिली होती. एरवी प्लेटच्या तळाला घट्ट धरून बसणाऱ्या, टोकदार, पसरलेल्या पेशी गोल गोल होऊन सुट्या झाल्या होत्या, पाण्यावर तरंगत होत्या. शेजारच्या प्लेटमध्ये डीएनएची अक्षरं उलटसुलट केलेला, प्रथिनाला बसता न येणारा तुकडा टाकला होता. तिथल्या पेशी मात्र मजेत वाढत होत्या. म्हणजे मारणारा तो तुकडाच होता. तिच्या मार्गदर्शक महेश्वरी मॅडम आल्या, त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "पुन्हा करून बघ." पुन्हा केलं, पुन्हा तेच. पुढं त्यावर शोधनिबंध छापून आला. लेखकांच्या नावांत दाक्षायणीचं नाव पहिलं होतं.

ही बातमी मल्हारपर्यंत कशी पोचली कोण जाणे. मल्हार एका स्थानिक दैनिकाचा बातमीदार, बोलायला गोड, कामाला चटपटीत. तो केंद्रात आला, पांढरा कोट घातलेल्या दाक्षायणीचे फोटो काढले आणि विचारलं, "म्हणजे मॅडम, कॅन्सरच्या पेशी मेल्या?"

"प्लेटमधल्या मेल्या. माणसाच्या शरीरात हा तुकडा गेला तर रक्तच त्याचे तुकडे करून टाकतं. तिथपर्यंत जायला खूप अडचणी आहेत."

"पण मेल्या ना?"

"हो, मेल्या."

त्यानं लिहून घेतलं. तिनंही पाहिलं की तो शेवटचंच लिहून घेतोय.

रविवारी छापून आलं. पहिल्या पानावर, तिच्या फोटोसकट: 'सोलापूरच्या कन्येने शोधले कॅन्सरवर औषध'. दाक्षायणीनं लगेच मल्हारला फोन लावला. फोन वाजत होता तेवढ्यात आप्पा बाहेरून आले. हातात पेपरांचा गठ्ठा, स्टँडवरचे होते नव्हते तेवढे उचलून आणलेले. त्यांनी ते कॉटवर ठेवले, एक उघडला, आणि उभ्याउभ्याच पुन्हा वाचायला लागले. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग म्हणाले, "अगं, हे तू केलंस व्हय? आन मी लोकांना रक्त तपासती म्हणून सांगत होतो की."

तिकडं मल्हारनं फोन उचलला होता. "बोला मॅडम, कशी वाटली बातमी?"

आप्पा तिच्याकडं बघत होते. दाक्षायणी म्हणाली, "छान आहे. मथळा थोडा... बघू, नंतर बोलते."

नंतर ती बोलली नाही. दुपारी महेश्वरी मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज थंड होता. "हे काय छापलंय? उद्याच्या उद्या खुलासा पाठव." ती "हो मॅडम" म्हणाली. खुलासा लिहिलाही, दोन-चार ओळींचा. पण सोमवारी गल्लीत, केंद्राच्या फाटकावर, अगदी रिक्षात बसतानाही लोक थांबून अभिनंदन करत होते, आणि तो खुलासा फोनमध्येच पडून राहिला. मॅडमनी आठवड्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पाठवलाय, ते छापत नाहीयेत." आयुष्यात मॅडमशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती. जीभ जराही अडखळली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

फोन यायला लागले. मोडनिंबहून एका माणसाचा आला, त्याच्या बायकोला गर्भाशयाचा होता. नातेपुत्याहून एका शिक्षकाचा आला. त्यांना ती नीट सांगायची, अजून औषध झालेलं नाही, चालू उपचार थांबवू नका. परक्याला खरं सांगणं सोपं जात होतं. आपण आपलं काम करतोय, पेपरवाल्यांनी काही का छापेना, असं ती स्वतःला समजावत राहिली.

मग समाजाच्या सभागृहात सत्कार ठरला. अध्यक्ष शिवयोगीअण्णा घरी येऊन निमंत्रण देऊन गेले. दाक्षायणीनं ठरवलं होतं की तिथं सगळं स्पष्ट सांगायचं. घरी आरशासमोर म्हणूनही पाहिलं, 'हे औषध नाही, औषधाच्या वाटेवरचं एक पाऊल आहे, आणि ही वाट कदाचित कुठंच पोचणार नाही.' शाल अंगावर पडली, हार पडला. भाषणात ती पेशी, प्रथिनं, तुकडा असं बरंच बोलली. लोक शांत बसून ऐकत होते आणि त्यांना काही कळत नव्हतं. शेवटी शिवयोगीअण्णांनी माईक हातात घेतला. "ताई, ते शास्त्राचं आमच्या डोक्यावरून गेलं. आमच्या लोकांना एवढंच सांगा, औषध कधी येणार?"

सभागृह हसलं. दाक्षायणीनं समोर पाहिलं. पहिल्या रांगेत आप्पा बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांच्या शेजारी दोड्डव्वा होती. तिच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन होऊन केमो सुरू झाली होती, डोक्यावर पदर घट्ट ओढून घेतला होता, कारण पदराखाली केस नव्हते. ती माईककडं नाही, दाक्षायणीच्या तोंडाकडं बघत होती.

"प्रयत्न चालू आहेत," दाक्षायणी म्हणाली. मग थोडं थांबून, "लवकरच."

टाळ्या पडल्या.

त्यानंतर केंद्रात कामाची घाई लागली. तुकड्याची टोकं अशी झाकायची की रक्तात तो टिकला पाहिजे, यावर प्रयोग चालू होते आणि एकही जमत नव्हता. बाळीवेशीत जाणं राहूनच गेलं. फोनवर दोड्डव्वा म्हणायची, "मी बरी हाय, तू तुझं काम कर." ती ते इतक्या आग्रहानं म्हणायची की दाक्षायणीला बरंच वाटायचं. संक्रांत झाली, गावातली गड्ड्याची जत्रा संपली, त्यानंतर एका सकाळी वाकडी वाट करून ती दोड्डव्वाकडं गेली.

दोड्डव्वा अंगणात उन्हाला बसून शेंगा निवडत होती. डोक्यावर पदर नव्हता. डोक्यावर केस होते, बारीक, दाट, पांढरे, बोटभर वाढलेले.

"केस आले की गं!" दाक्षायणी हसत म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचं हसू थांबलं. केमो चालू असताना केस येत नाहीत. हिची केमो तर अजून संपायची होती. "दोड्डव्वा, सुई कधी घेतलीस शेवटची?"

"बस तर आधी. चहा टाकते."

"कधी घेतलीस?"

"बंद केलं की मी ते," दोड्डव्वा शेंगा निवडतच म्हणाली. "लई तरास व्हायचा. तोंड सगळं आलेलं, भाकरीचा तुकडा गिळवना. म्हटलं, आमच्या दाक्षाचं औषध येतंयच, तवर ह्या इखाराला कशाला अंगात घ्यायचं? तू म्हणाली न्हाईस का स्टेजवर, लवकरच म्हणून?"

दाक्षायणी तिथंच पायरीवर बसली. आतून दोड्डव्वाचा मुलगा रेवणसिद्ध बाहेर आला, दुकानाला निघालेला. त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दाक्षायणीनं त्याला विचारलं, "तू कसं बंद करू दिलंस रे?"

तो गोंधळला. "मी? आई म्हणाली, दाक्षाला विचारलंय, ती व्हय म्हणालीय. तू एवढी शिकलेली. मी काय बोलणार?"

दोड्डव्वा खाली मान घालून म्हणाली, "विचारलं न्हाय मी. तुला घाई केल्यागत व्हायला नको म्हणून. तू करतीयास ते माहीत होतंच की."

रेवणसिद्ध आईकडं बघत राहिला, मग दाक्षायणीकडं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "म्हणजे तुझं औषध न्हायच का?"

दाक्षायणीनं सांगायला सुरुवात केली. प्लेट, पेशी, रक्त, तुकडे. दोड्डव्वानं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाली, "मोठ्या लोकांना आधी द्यायचं असंल तर दे. मी थांबते. मला खोटं सांगू नको पण."

इतकं लागेल असं तिला कधी कुणी बोललं नव्हतं, आणि दोड्डव्वा तर लागावं म्हणून बोललीच नव्हती. दाक्षायणी म्हणाली, "चल माझ्याबरोबर. आत्ताच चल. दाखवते तुला."

रिक्षा करून ती तिला केंद्रात घेऊन गेली. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत स्टूल खाली केलं, त्यावर तिला बसवलं, प्लेट ठेवली. दोड्डव्वानं जुन्या सवयीनं कानामागं केस सारल्यासारखं केलं आणि डोळा लावला.

"दिसतंय का? गोल गोल, सुटे?"

"व्हय. साबुदाणा भिजवल्यागत."

"त्या मेलेल्या. कॅन्सरच्या."

"मारल्यास की मग!" दोड्डव्वानं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर इतका उजेड आला की दाक्षायणीला तिच्याकडं बघवेना. "कुणाच्या अंगातल्या ह्या?"

"अमेरिकेतल्या एका बाईच्या. तिला तुझ्यासारखाच होता, छातीतला. तिच्या अंगातून काढलेल्या पेशी बाटलीत वाढवत वाढवत जगभर गेल्या. आमच्याकडं आल्या."

"मग बाई बरी झाली असंल आता तुझ्या औषधानं."

"बाई पन्नासेक वर्षांपूर्वीच गेली, दोड्डव्वा. ही फक्त तिची आजारी पेशी. ती अजून बाटलीत जगतीय."

दोड्डव्वा प्लेटकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "म्हणजे हे औषध जित्या माणसाला कुणाला दिलंच न्हाय?"

"नाही. आमचं नाही. परदेशात असल्या एखाद्या तुकड्याची अगदी थोड्या लोकांवर चाचणी झालीय, पण औषध म्हणून कुणालाच मिळत नाही. आम्ही तर अजून उंदरालासुद्धा दिलेलं नाही. रक्तात टिकतच नाही ते."

दोड्डव्वानं स्टुलावरून उतरायला हात पुढं केला. दाक्षायणीनं तो धरला. हात हलका झाला होता.

परत येताना रिक्षात दोड्डव्वा बाहेर बघत होती. एका वळणावर रिक्षा थांबली तेव्हा तिनं विचारलं, "मग त्या दिशी स्टेजवर का बोलली न्हाईस?"

दाक्षायणीकडं पुष्कळ उत्तरं होती. पेपरवाल्याचा मथळा, आप्पांचा चेहरा, शिवयोगीअण्णांचा प्रश्न, हसणारे लोक. ती सगळी खरी होती आणि त्यांतलं एकही तोंडातून निघेना. ती म्हणाली, "मला बरं वाटत होतं."

"हं," दोड्डव्वा म्हणाली, आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

दुसऱ्याच दिवशी दाक्षायणी आणि रेवणसिद्ध दोड्डव्वाला घेऊन हॉस्पिटलला गेले. डॉक्टरांनी तपासलं, स्कॅन करायला सांगितलं. काखेत गाठी आल्या होत्या, पाठीच्या मणक्यातही एका ठिकाणी डाग दिसत होता. आता आधीचं औषध चालणार नव्हतं, दुसरं सुरू करायचं, आणि ते चालेल तोवर चालवायचं. पूर्ण बरं होण्याचं काही डॉक्टर बोलले नाहीत. फायली मिटताना त्यांनी दाक्षायणीकडं निरखून पाहिलं. "तुम्हीच का त्या, पेपरातल्या?"

"हो."

"माझ्याकडं अजून दोन-तीन पेशंट विचारत होते तुमच्याबद्दल." त्यांचा सूर रागाचा नव्हता. दमलेल्या माणसाचा होता. दाक्षायणीनं धीर करून विचारलं, "मध्ये बंद केली नसती तर..."

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "कदाचित तरीही आलं असतं. कदाचित नसतं आलं. हे कुणालाच कधी कळणार नाही."

तिला वाटत होतं, डॉक्टरांनी एक काहीतरी ठाम सांगावं. दोष तरी द्यावा, नाहीतर सोडवावं. दोन्हींतलं काहीच झालं नाही.

त्या आठवड्यात ती आधी महेश्वरी मॅडमकडं गेली आणि खुलासा कधी पाठवलाच नव्हता हे सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "निकाल चुकले असते तर मी समजून घेतलं असतं," त्या म्हणाल्या. "आता तुझा प्रत्येक आकडा मी स्वतः तपासणार. वाईट वाटून घेऊ नकोस." वाईट वाटून घ्यायचा आपल्याला हक्कच नाही हे तिला पटलं. मग ती मल्हारकडं गेली. तो म्हणाला, इतकी जुनी बातमी आता कशाला उकरायची. पण ती त्याच्या कार्यालयातल्या खुर्चीवरून उठेचना, तेव्हा त्यानं आतल्या पानावर, निविदांच्या जाहिरातीखाली, खुलासा छापला. तो कुणी वाचला असेल असं तिला वाटत नव्हतं.

म्हणून पुन्हा सभागृहच उरलं. दहावी-बारावीच्या मुलांच्या बक्षिसांचा कार्यक्रम होता. दाक्षायणीनं शिवयोगीअण्णांना दोन मिनिटं मागितली. त्यांनी आनंदानं दिली. मुलांना प्रेरणा मिळेल म्हणाले.

ती उभी राहिली. तिनं माईकचा दांडा धरला. "मागच्या वेळी मी इथं म्हणाले, लवकरच. ते खरं नव्हतं. आम्ही कॅन्सरवर औषध शोधलेलं नाही. प्लेटमधल्या काही पेशी मारल्या, एवढंच. औषध होईल की नाही मला माहीत नाही."

शिवयोगीअण्णा दुसऱ्या माईकवर म्हणाले, "बघा! याला म्हणतात विनय. एवढं मोठं काम करून..." आणि सभागृहानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

पूर्वी त्या टाळ्या दाक्षायणीला गोड लागल्या होत्या. आता कुणीतरी सगळ्यांसमोर अंगावरचं वस्त्र ओढावं तसं तिला झालं. ती माईकमध्ये ओरडलीच, "विनय नाही हा! माझ्या घरातल्या माणसानं माझ्या शब्दावर केमो बंद केली. आजार वाढला. मला तेव्हा बोलता येत होतं, मी बोलले नाही. कुणी माझ्यामुळं उपचार थांबवले असतील तर उद्याच्या उद्या डॉक्टरकडं जा. माझ्याकडं काही नाही."

टाळ्या विरल्या. कुणीतरी खुर्ची सरकवली. तिसऱ्या रांगेतून आप्पा उठले आणि मान खाली घालून बाजूच्या दारानं निघून गेले. त्यांच्या मागून जावं असं दाक्षायणीला वाटलं, पण ती माईकपाशीच उभी राहिली. शिवयोगीअण्णांनी घाईघाईनं पहिल्या विद्यार्थ्याचं नाव पुकारलं.

चपला शोधत ती दारापाशी आली तेव्हा एक बाई तिच्याजवळ येऊन उभी राहिली. ओळखीची नव्हती. इकडं तिकडं बघून बाई खालच्या आवाजात म्हणाली, "मग आमच्या ह्यांचं चालू करू म्हणता पुन्हा?"

"बंद केलं होतं?"

बाईनं मान डोलावली.

"आज जा," दाक्षायणी म्हणाली. "आत्ता जा. मी येऊ का बरोबर?"

"नको," बाई पटकन म्हणाली, एक पाऊल मागं सरून. "तुम्ही नको. आमी जाऊ."

त्या बाईचं नाव तिनं विचारलं नाही. पुढं तिचं काय झालं, हे तिला आजवर कळलेलं नाही. दोड्डव्वाचं तरी तिला माहीत आहे, ती डोळ्यांसमोर आहे. पण गर्दीत रिक्षा शोधत गेलेली ती बाई, आणि तिच्यासारखी अजून कुणी, जी सभागृहापर्यंत आलीच नसेल, ती माणसं तिला अधूनमधून काम करता करता आठवतात आणि हातातली नळी तशीच राहते.

आप्पा काही दिवस तिच्याशी बोलले नाहीत. यार्डात त्यांना लोकांनी काय काय विचारलं असेल ते त्यांनी सांगितलं नाही. एके दिवशी जेवताना म्हणाले, "मला तरी आधी सांगायचंस." एवढंच. तिनं मान डोलावली. त्यांना आधी सांगणं हेच तर तिला जमलं नव्हतं.

दोड्डव्वाची सुई आता ठरल्या वेळी असते. दाक्षायणी रजा टाकून तिच्याबरोबर जाते. नवं औषध तिला बऱ्यापैकी सोसतं. मणक्यातला डाग आहे तेवढाच आहे. डॉक्टर म्हणतात, सध्या थांबलंय, आणि 'सध्या' या शब्दावर जोर देतात. चटणी कुटायचं काम आता सून करते. दोड्डव्वा शेजारी बसून मीठ सांगते. त्या दिवसाबद्दल ती कधीच काही बोलली नाही. दाक्षायणीला हेच सोसत नाही. मागच्या खेपेला, वॉर्डाबाहेरच्या बाकावर नंबराची वाट बघत बसल्या होत्या, तेव्हा ती म्हणाली, "दोड्डव्वा, मला माफ कर म्हणायचीसुद्धा लाज वाटते गं."

दोड्डव्वा पिशवीतून पाण्याची बाटली काढत होती. बाटली काढून झाली, मग ती घोटभर पाणी प्यायली.

"इरली बिडु," ती कानडीत म्हणाली. राहू दे, सोड. आणि मग मराठीत, "माफ करायचं का न्हाय ते मला बी अजून समजंना. तू येतीस न्हवं संगं, येत जा."

आतून सिस्टरनं नाव पुकारलं. दाक्षायणीनं पिशवी उचलली, दोड्डव्वानं तिच्या खांद्यावर हात टेकून गुडघे सरळ केले, आणि दोघी आत गेल्या.